चिमट्यातली हवा

९ फेब्रुवारी

वहिनी,

साष्टांग नमस्कार घालायच्या मनःस्थितीत मी नाही. रीत म्हणून घातला आहे असं समजा आणि पुढे वाचा.

फोनवर तुमच्याशी बोलणं अशक्य झालंय. मी मुद्द्यावर आलो की तुम्ही शिवणयंत्र चालू करता आणि "हॅलो, हॅलो, काही ऐकू येत नाही हो भाऊजी" म्हणता. परवा तर यंत्र बंद होतं तरी तुम्हाला ऐकू येत नव्हतं. म्हणून हे पत्र लिहितोय.

काल दाढीवाल्याने मला एक फोटो पाठवला. दादा आणि मी रविवारी सायकली घेऊन टेकडीवर जायचो तेव्हा कधीमधी वाटेत भेटायचा, तोच तो दाढीवाला. फोटोत सायकल दुरुस्तीचं दुकान, स्टँडवर उलटी टांगलेली दादाची बॅटरीची माउंटन सायकल, आणि खाली फरशीवर तिच्या हँडलचे दोन तुकडे. कापलेले! करवतीने! मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तुकडेच होते.

वहिनी, दादाला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. ती सायकल आम्ही दोघांनी एकाच दिवशी घेतली, सारख्यास सारखी. तिचा एकेक नट त्याने स्वतःच्या हाताने बसवला होता. हँडल किती वर, सीट किती मागे, सगळं त्याने महिनोन् महिने लावून लावून जुळवलं होतं. आणि तुम्ही त्यावर करवत चालवलीत. विकायचा विचार आहे का? तसं असेल तर सरळ सांगा, आडून आडून नको. माझी इतक्या लांब बदली झाली म्हणून मला काही कळणार नाही असं वाटलं असेल, तर तसं नाही.

आता आणखी कशालाही हात लावू नका, एवढीच विनंती. विनंती म्हणतोय, पण खरं म्हणजे ती विनंती नाही. मी येऊन सायकल इकडे घेऊन जाईन. माझ्या गॅरेजात माझ्या सायकलशेजारी जागा आहे. चादर घालून नीट ठेवीन. ती जशी होती तशी राहील, म्हणजे आता जेवढी उरली आहे तेवढी.

आपला,
भाऊजी


१५ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा नमस्कार पोचला. रीत म्हणून आला होता, रीत म्हणूनच परत पाठवते आहे.

विकायचा विचार आहे का, असं विचारता? लाज नाही वाटली लिहिताना? विकायची असती तर आहे तशी पुसून विकली असती. विकायच्या कपड्याला कोणी स्वतःच्या मापाने चिमटे घालतं का? सायकल मी चालवणार आहे. मी. तुमची वहिनी. शाळेत असताना मोठ्या भावाच्या सायकलवर नळीखालून पाय घालून चालवत होते, तेव्हा तुम्ही रांगत होतात.

आता त्या हँडलचं ऐका. ह्यांची उंची तुम्हाला माहीत आहे, आणि मी त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हते हेही माहीत आहे. ते हँडल धरलं की म्हैस मिठीत घेतल्यासारखं वाटायचं. हात इतके फाकायचे की बोटं ब्रेकपर्यंत पोचायची नाहीत. ब्रेक न पोचणारी सायकल मी चालवावी असं तुमचं म्हणणं आहे का? तुम्ही तर लिफ्ट तपासणारे साहेब. मी दोन्ही टोकांना खडूने खूण केली आणि दुकानातल्या चष्मेवालीने तिथून कापलं. वीतभर जास्त होतं, ते काढलं. आयुष्यभर मी हेच केलं आहे, भाऊजी. लोकांचे कोट, पँटी, नवरीचे झगे, मयत माणसांचे शर्ट त्यांच्या पोरांना. दुसऱ्याच्या मापाचं अंगात घालून कोणाला धड चालता येत नाही.

आणि हँडलवरच थांबले नाही, तेही सांगून टाकते, म्हणजे दाढीवाल्याचे कष्ट वाचतील. पायडलचे दांडे आखूड घातले, कारण जुन्या दांड्यांनी माझे गुडघे हनुवटीला लागत होते. सीट अशी बसवली की बटण दाबलं की खाली जाते, उतारावर पाय टेकवायला बरं. पुढचं दातेरी चक्र लहान केलं, म्हणजे चढावर कमी जोर लागतो. मोटर सुरुवातीला असा हिसका मारायची की मी एकदा थेट शेजारणीच्या कुंड्यांमध्ये गेले. आता ती चष्मेवालीने हळू सुरू होईल अशी लावून दिली आहे. आणि ह्यांच्या रेनकोटची मी मधल्या नळीला बसेल अशी पिशवी शिवली. हो, रेनकोट कापला. बसा आता डोकं धरून.

बॅटरी घरात आणून इस्त्रीच्या बोर्डावर चार्ज करते. इस्त्री आणि बॅटरी एकदम लावता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकं खोळंबतात. खोळंबू देत.

दर रविवारी मी डबा भरून द्यायचे आणि तुम्ही दोघं टेकडीवर जायचात. मी किती वेळा म्हटलं, मलाही न्या. "तुला झेपणार नाही गं," हे म्हणायचे, आणि तुम्ही मागून मान हलवायचात. आता झेपतं की नाही ते मी बघणार आहे. वर्षभर ह्या खोलीत यंत्रासमोर बसून भिंत बघितली, बास झालं.

तुमच्या गॅरेजात चादर घालून ठेवणार म्हणे. मग मलाही न्या की. मीही त्यांचीच होते. मलाही घाला चादर.

वहिनी


२१ फेब्रुवारी

वहिनी,

माणसाने काय बोलावं आणि काय बोलू नये याला काही धरबंध असतो. "मलाही घाला चादर" हे वाचून मी जेवणावरून उठलो. माझ्या बोलण्याचा असा अर्थ काढायचा असेल तर कठीण आहे.

मी रोज दोरांवर लोंबकळणाऱ्या पेट्या तपासतो. माझी सही झाली की त्यात माणसं, म्हातारी, लेकरं निर्धास्त चढतात. एक बोल्ट कोणी मनाने बदलला तर मी लिफ्ट बंद करतो, मग तो माणूस किती का ओळखीचा असेना. आणि इथे तुम्ही चांगल्या जुळलेल्या सायकलचे दांडे, चक्र, मोटर, सगळं उलटंपालटं करून वर मलाच सुनावताय.

दुसरं म्हणजे ती टेकडी. तुम्ही तिथे जाणार नाही आहात. हे मी चिडून नाही, जबाबदारीने लिहितोय. तिथली वाट म्हणजे डावीकडे दरी, उजवीकडे खडक, मधोमध सुटे दगड. वरच्या वळणावर तर दादासारखा माणूस उतरून घाम पुसायचा. तिथे एक चाक घसरलं की संपलं. तुम्हाला काही झालं तर मी दादाला काय तोंड दाखवू?

भांडण वाढवण्यात अर्थ नाही. दहा मार्चच्या रविवारी मी टेम्पो घेऊन येतोय. ठरवून टाकला आहे. सायकल तयार ठेवा. कापलेले तुकडे टाकले नसतील तर तेही द्या. घरच्या कामांसाठी तुम्हाला एक साधी सायकल मी घेऊन देईन, बाजारहाटाला बरी पडेल.

भाऊजी

ता. क. ताई, हे पत्र टाकायला माझ्या हातात दिलंय म्हणून खाली चार ओळी घुसडते आहे. बाजारहाटाची सायकल घेऊ नका हं, इथेही माझ्या माथी अशीच एक मारली आहे, तिची घंटीसुद्धा वाजत नाही. हे टेम्पोवाल्याशी बोलताना असे ओरडले की त्या बिचाऱ्याला वाटलं आम्ही भांडून घर सोडतोय. रेनकोटची पिशवी कशी झाली? कापड उरलं असेल तर मला एक लहानशी शिवून ठेवा. पण यांना कळू देऊ नका. – धाकटी जाऊ


२ मार्च

भाऊजी,

आज तुम्हाला नमस्कार नाही. रीत गेली खड्ड्यात.

मी टेकडीवर जाऊन आले.

सकाळी निघाले. घाबरले होते, कबूल करते. तुमची दरी, तुमचा खडक, एक चाक घसरलं की संपलं. मी घराची किल्ली शेजारणीकडे दिली आणि जाऊबाईंचा नंबर तिच्या भिंतीवर लिहून आले, मागे काही झालं तर असू दे म्हणून. देवाचं नाव घेतलं आणि चढायला लागले. मोटर मदत करत होती, दांडे नीट फिरत होते, गुडघे जागेवर होते. थोडं पुढे गेल्यावर एका झुडपात गेले, कोपर खरचटलं, उठले, परत बसले.

आणि पहिल्याच वळणावर मला काय दिसावं? शाळेची सहल! पहिली-दुसरीची पोरं, जोडीजोडीने हात धरून, गाणी म्हणत चालली होती. त्यांच्या मागे एक आजोबा, पायात सपाता, घरात घालतात त्या. पुढे एक बाई बाळाची गाडी ढकलत वर येत होती. गाडीतलं बाळ झोपलेलं. तुमच्या मृत्यूच्या वाटेवर बाळ झोपलं होतं, भाऊजी!

मी डावीकडे दरी शोधली. डावीकडे कोबीचं शेत आहे. कोबी! उजवीकडे खडक म्हणजे एक मोठा धोंडा, त्यावर पोरं घसरगुंडी खेळत होती. वरच्या वळणावर, जिथे "दादासारखा माणूस घाम पुसायचा", तिथे एक बाकडं आहे. त्यावर दोन बायका स्वेटर विणत बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि मला इतका राग आला, इतका राग आला, की त्यातल्या एकीने मला पाणी दिलं. तिला वाटलं मला धाप लागली आहे.

भाऊजी, सहा वर्षं! सहा वर्षं दर रविवारी तुम्ही निघालात की मी जीव मुठीत धरून बसायचे. उशीर झाला की गॅलरीत, रस्त्याकडे डोळे लावून. ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजला की हातातली सुई खाली पडायची. आणि तुम्ही दोघं येऊन काय सांगायचात! आज दगड सुटला, आज थोडक्यात वाचलो, आज दादाचं मागचं चाक दरीच्या तोंडाशी होतं. कोबीच्या तोंडाशी म्हणा! मी तुम्हा दोघांना जास्तीचं वाढायचे, बिचारे मरणाच्या दाढेतून आलेत म्हणून. ते तर गेले, त्यांना आता काय विचारू? तुम्ही आहात. तुम्ही उत्तर द्या. का केलंत असं?

सायकल नीट चालते, विचारलं नाहीत तरी सांगते. फक्त एकच त्रास होता, पुढचं चाक धरणारा चिमटा लाकडासारखा ताठ, प्रत्येक दगड थेट मनगटात लागायचा, हात बधिर झाले. उतरल्यावर तशीच दुकानात गेले. चष्मेवाली म्हणाली, या चिमट्यात स्प्रिंग नसते, हवा असते, आणि ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरतात, ही तुमच्या यजमानांच्या वजनाची आहे. तिने वॉल्व्ह दाबला, फुस्स झालं, माझ्या वजनाची नवी भरून दिली. आता लोण्यासारखा चालतो.

दहा तारखेला या खुशाल. मी घरी नसेन. टेकडीवर कोबी बघत असेन.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

टेम्पो रद्द केला. आता न्यायचं काय त्यात?

टेकडीचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. दरी नाही. पहिल्या रविवारी दादाने थाप मारली, मी मान डोलावली, मग दर वेळी थोडी भर पडत गेली. तुम्ही गॅलरीत उभ्या असायच्यात हे मला माहीत नव्हतं. आम्ही यायचो तेव्हा तुम्ही ताटं घेत असायच्यात, मला वाटायचं तुम्ही मनातल्या मनात हसताय. का केलं विचारता, तर ती जागा आम्हाला आमच्या दोघांची हवी होती, एवढंच. घरी सगळे असायचे. तिथे बाकड्यावर बसून मी दादाशी बोलायचो, किंवा नाही बोलायचो. तुम्हाला नेलं असतं तर ते संपलं असतं. यात मला अजूनही काही वावगं वाटत नाही, आणि माफी मागायला मी लेखणी उचललेली नाही.

मी लिहितोय ते चिमट्याबद्दल. तुम्ही चार ओळींत उरकलंत. वॉल्व्ह दाबला, फुस्स झालं.

वहिनी, ती हवा दादाने भरलेली होती.

शेवटच्या रविवारी सकाळी तुमच्याच दारात. आधी त्याने त्याच्या चिमट्यात भरली, मग माझ्या. मी म्हटलं, आण इकडे, मी भरतो. तर म्हणाला, तुला पंपावरचा काटा वाचता येत नाही, सरक. मला! जो दिवसभर काटेच वाचतो! मी चिडलो. निघायला उशीर झाला म्हणूनही चिडलो. वाटभर त्याच्याशी नीट बोललो नाही. बुधवारी तो ऑफिसच्या जिन्यात खाली बसला, तो उठलाच नाही.

त्यानंतर मी माझ्या सायकलवर बसलो नाही. रविवारी गॅरेजात जायचो आणि हँडलवर दोन्ही तळवे टेकून भार द्यायचो. चिमटा खाली जायचा आणि परत वर यायचा. हिला वाटायचं मी सायकल पुसतोय. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला एकदा दाबला, तो वर आलाच नाही. आतली रबराची कडी गेली होती, हवा हळूहळू निघून गेली. काही मोठं काम नाही, कडी बदलायची आणि हवा भरायची. मला ते करवलं नाही.

म्हणजे त्याने भरलेली हवा तुमच्याकडच्या सायकलीत तेवढी उरली होती. म्हणून मला ती इकडे हवी होती. हँडल कापा नाहीतर रंग फासा, माझं काही म्हणणं नव्हतं. पण चिमट्याचं लिहायचं कसं? वयाने पन्नाशीला आलेला, साहेब म्हणवून घेणारा माणूस, हवेसाठी टेम्पो ठरवतो, असं कोणाला सांगू? म्हणून हँडलवरून भांडलो, दांड्यांवरून भांडलो.

पण तुम्ही एकदा विचारायला हवं होतंत, वहिनी. सोडण्याआधी एकदा विचारायला हवं होतंत.

भाऊजी


११ मार्च

भाऊजी,

काय विचारायला हवं होतं हो? "भाऊजी, चिमट्यातली हवा सोडू का?" असं जगात कोणी कोणाला विचारलंय? महिनाभर पत्रावर पत्र लिहिलंत, मला सायकल विकणारी म्हणालात, जेवणावरून उठलात, टेम्पोवाल्यावर ओरडलात, आणि जे सांगायचं होतं तेवढं सोडून सगळं सांगितलंत. भाऊ शोभता अगदी. हेही असेच. आठवडाभर छाती चोळत होते. मी विचारलं की म्हणायचे, "काही नाही गं, गॅस झालाय." मला वेळेवर काही सांगायचं नाही अशी तुमच्या घराण्यात शपथ घेतली आहे का?

तुमचं पत्र आलं तेव्हा मी एका कोटाची बाही लावत होते. वाचलं, परत मशीनवर बसले, आणि बाही उलटी लावली. मग उसवत बसले आणि रडले. ते गेले तेव्हा घरात इतकी माणसं होती की मला धड रडताही आलं नव्हतं. आता तुमच्यामुळे रडले, तेही रागाने. गिऱ्हाईक दारातून परत गेलं.

आता नीट ऐका. मला आधी माहीत असतं तरी मी ती हवा सोडलीच असती. तुम्हाला हे लागेल, पण खोटं लिहिणार नाही. एक रविवार थांबले असते. तुम्हाला बोलावलं असतं, तुमचं बोट वॉल्व्हवर ठेवलं असतं, आणि हवं तितका वेळ बसू दिलं असतं. तेवढा तुमचा हक्क होता आणि तो माझ्या हातून गेला, त्याचं मला फार वाईट वाटतं. अगदी मनापासून वाटतं. पण सोडली असती. त्यांच्या वजनाच्या हवेवर मी किती दिवस हात बधिर करून घेऊ?

तुम्ही ती जपत होतात आणि मी त्यावर आपटत होते, आणि दोघांनाही एकमेकांचं ठाऊक नव्हतं. याचाही मला राग येतो. तुमचा येतो, माझा येतो, आणि ह्यांचा तर इतका येतो की काय सांगू. त्या बाकड्यावर बसून भावाशी बोलायला वेळ होता, आणि मला सांगायला कोबीची दरी!

सायकल मिळणार नाही. ती माझी आहे आणि माझ्या मापाची आहे. रद्द केलेला टेम्पो परत ठरवा, त्यात तुमची सायकल घाला आणि या रविवारी इकडे या. जाऊबाईंना घेऊन या, त्यांची पिशवी शिवून झाली आहे. रबराची कडी चष्मेवालीने मागवून ठेवली आहे, ती बदलून देईल. हवा मात्र मी भरणार. तिने मला पंप वापरायला शिकवलं आहे आणि मला काटा वाचता येतो. मध्ये मध्ये केलंत तर मीही "सरका" म्हणेन.

मग वर जाऊ. बाकड्यावर तुम्हाला बोलायचं नसेल तर बोलू नका, मी विणणाऱ्या बायकांशी बोलेन.

फक्त एक लगेच कळवा. हवा वजनावर भरतात, आणि परवा जाऊबाई फोनवर म्हणाल्या की तुमचे सगळे शर्ट ढगळ झालेत, घास खाता न खाता. तेव्हा अंदाजाने नको आणि गेल्या वर्षीचं तर मुळीच नको. काट्यावर उभे राहा, आणि तुमचं आजचं वजन कळवा.

वहिनी